‘विषय जिल्ह्याशी संबंधित नाही’: विदर्भातल्या इतिहास शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
नागपूर आणि विदर्भातल्या शाळांमधले इतिहासाचे शिक्षक आणि शिक्षिका

सप्रेम नमस्कार.

माझी नात सातवीत शिकते. दिवाळीच्या सुट्टीआधी तिच्या वर्गाला ‘आपल्या जिल्ह्याचा इतिहास’ या विषयावर प्रकल्प करायला सांगितला होता. कुणी सीताबर्डीचा किल्ला घेतला, कुणी रामटेक, कुणी दीक्षाभूमी, कुणी झिरो माइलचा दगड. आमच्या पोरीनं घेतली जहाजं. आठ दिवस खपून बारा पानं लिहिली, चित्रं काढली, वहीला खाकी कव्हर घातलं. वही परत आली तेव्हा पहिल्याच पानावर लाल शाईत शेरा होता, ‘विषय जिल्ह्याशी संबंधित नाही. बदलून आणणे.’

शाळेचं नाव मी लिहिणार नाही, कारण हे पत्र त्या शाळेविरुद्ध नाही. तो शेरा मारणाऱ्या बाईंच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तेच लिहिलं असतं. आम्हाला शाळेत शिकवलं गेलं तेच त्यांना शिकवलं गेलं. समुद्र कोकणाला, जहाजं कोळ्यांची, आरमार महाराजांचं, आणि आपल्याकडे संत्री, कोळसा आणि ऊन. पण गेली पंचेचाळीस वर्षं मी लकडगंजात लाकडाच्या धंद्यात आहे. जहाज कुठं सुरू होतं हे मला एका माणसानं हातात लाकूड घेऊन दाखवलं आहे. म्हणून त्या लाल शाईबद्दल गप्प बसवत नाही.

आमची आरागिरणी वडिलांनी सुरू केली, पुढे मी चालवली, आता मुलगा बघतो. बल्लारशाच्या आणि आलापल्लीच्या डेपोत लिलाव व्हायचे. लठ्ठ्याच्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याची खूण, बाजूला खडूनं नंबर. घेराला टेप लावायची, आलेल्या आकड्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, की घनफूट निघतं. मग गाभा किती, रसलाकूड किती, आत पोकळी आहे का, याचा अंदाज बांधायचा आणि बोली लावायची. सरळ लठ्ठ्याला भाव. वाकडं निघालं की जळाऊच्या ढिगावर.

१९९४च्या उन्हाळ्यात एक गृहस्थ गिरणीत आले. पन्नाशीचे, अंगानं बारीक, पायात रबरी चपला. देवगडकडचे होते, होड्या बांधायचे. होडीच्या कण्यासाठी, म्हणजे तळातल्या मधल्या लांब लाकडासाठी, त्यांना लांब, सरळ, एकसंध साग हवा होता. होडीच्या कण्याला जोड चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिकडं त्या लांबीचा माल मिळेना म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून इतक्या लांब आले होते. त्यांनी टेप काढलीच नाही. लठ्ठ्याला हाताच्या उलट्या बाजूनं ठोकत ठोकत टोकापर्यंत गेले, कान जवळ नेऊन ऐकत. दोन लठ्ठे नापास केले. त्यातला एक आम्ही नंतर चिरला, आत बोटभर फट निघाली.

जाता जाता त्यांची नजर जळाऊच्या ढिगाकडे गेली. बाभळीचा एक बुंधा होता, फांदी फुटते तिथं कोयत्यासारखा वळलेला. आमचा माणूस तो कुऱ्हाडीनं फोडायलाच निघाला होता. ते धावतच तिकडं गेले आणि म्हणाले, “शेट, ह्यां लाकूड फोडू नकात. ह्येचो वांक बघा.”

होडीच्या आतल्या बरगड्यांना ते वांक म्हणतात. तो बुंधा त्यांनी जमिनीवर आडवा ठेवला. शेजारची बांबूची कामटी उचलून वळणावर वाकवून धरली आणि मला वाकून लाकडाची रेष बघायला लावली. सरळ फळीतून करवतीनं वळण कापलं तर रेष मध्येच तुटते, आणि लाटेचा मार बसला की लाकूड नेमकं तिथंच फुटतं. झाडच वळणात वाढलेलं असेल तर रेष वळणाबरोबर शेवटपर्यंत जाते. असं लाकूड मार खातं, पण फुटत नाही. म्हणून होडी बांधणारा माणूस रानात जातो तेव्हा सरळ झाडं बघतो तशी वाकडीही बघतो. कुठल्या खोडात नाळ, म्हणजे होडीचं पुढचं वर आलेलं टोक आहे, कुठल्या फांदीत बरगडी आहे, हे त्याला झाड उभं असतानाच दिसतं. इतकी वर्षं मी ज्याला जळाऊ म्हणत होतो ते त्यांनी सागाच्या शेजारी ट्रकमध्ये चढवलं.

चार वर्षांनी मे महिन्यात मी त्यांच्या गावाकडे गेलो. खाडीच्या काठी माडाच्या सावलीत होडी उभी होती, अर्धी बांधलेली, बरगड्या उघड्या. गुरांचा सापळा उताणा पडावा तशी. आमचा साग खाली कण्यात बसला होता. वनखात्याच्या हातोड्याची खूण तासून गेली होती, पण लाकूड मी ओळखलं. फळ्या बसवण्याचं काम चालू होतं. एका फळीच्या कडेला गेरू लावायचा, ती दुसऱ्या फळीला दाबून भिडवायची, मग काढून बघायचं. जिथं गेरू उमटला तिथं लाकूड टेकतंय, तेवढंच पटाशीनं खरवडायचं. परत गेरू, परत दाबणं. पूर्ण कडेवर सारखा रंग उमटेपर्यंत हे चालायचं. एका फळीला पुरी सकाळ गेली. मग फटीत राळेत भिजवलेला कापूस ठासायचा. आपल्याकडे ज्याला बसुला म्हणतात त्याला ते वाकस म्हणत होते. हत्यार तेच, हाताची फेक तीच. मला नागपुरातल्या आमच्या सुतारांचे हात आठवले.

त्याच दिवशी त्यांनी गिर्ये दाखवलं. विजयदुर्गापासून थोड्या अंतरावर वाघोटन खाडीत खडक कोरून केलेली गोदी आहे, आंग्र्यांच्या काळातली. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की तळ उघडा पडतो, मग डागडुजी करायची. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात खेकड्यांची बिळं होती आणि कडेला खडकावर छिन्नीच्या खुणा. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाईव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूनं होते. हे सगळं आपण मुलांना शिकवतो, शिकवायलाच हवं. पण त्या जळालेल्या गुराबांमध्ये आणि गलबतांमध्ये, म्हणजे लहानमोठ्या लढाऊ जहाजांमध्ये, किती माणसांच्या किती सकाळी होत्या, ते मला त्या गेरूच्या फळीजवळ उभं राहिल्यावर कळलं. आरमाराचा धडा सेनापतींनी भरलेला असतो. सुतार त्यात येतच नाही.

मुंबईचंही तसंच. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले. तेही सुतारच. त्यांच्या घराण्यानं पुढं दीडशेच्या आसपास वर्षं मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली. ‘कॉर्नवॉलिस’ हे जहाज १८१३चं. १८४२ साली चीन आणि इंग्लंड यांच्यातला नानकिंगचा तह त्याच जहाजावर झाला. ‘त्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरलं. त्याचा कणा घालताना जमशेटजी बमनजी वाडियांनी त्यात चांदीचा खिळा ठोकला होता. ते जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगत आहे. दोनशेहून जास्त वर्षं झाली, साग टिकून आहे.

का टिकतो, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. सागात तेल असतं, त्यामुळे पाणी आत मुरत नाही आणि कीड लवकर धरत नाही. इंग्रज आपली जहाजं ओकची बांधायचे. ओकमध्ये आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. साग खिळ्याला धरून राहतो. आणि एक गंमत मुलांना फार आवडते. ओला, नुकता तोडलेला साग पाण्यात टाकला तर बुडतो. म्हणून ब्रह्मदेशात आणि मलबारात झाडाच्या बुंध्याभोवतीची साल आणि वरचं लाकूड गोल कोरून काढायचे. झाड उभ्याउभ्या दोन-तीन वर्षं वाळायचं, मग तोडून नदीत सोडायचे. तेव्हा ते तरंगायचं.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे, कारण खोटा अभिमान मुलांना शिकवू नये. मुंबईच्या त्या जहाजांचा साग मुख्यतः मलबारातून आणि गुजरातच्या रानांतून यायचा. चांद्याचा, म्हणजे आपल्या चंद्रपूरचा नव्हे. पण त्या जहाजांची भूक आपल्यापर्यंत येऊन पोहोचलीच. इंग्लंडमधलं ओक संपत आलं, नेपोलियनशी लढाया चालू होत्या, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीनं १८०६ साली मलबारात कॅप्टन वॉटसन नावाच्या माणसाला (विजयदुर्गाचा वॉटसन वेगळा) जंगलाचा रक्षक म्हणून नेमलं. हिंदुस्थानातली या पदावरची ही पहिली नेमणूक. कशासाठी? जहाजाच्या सागासाठी. लोकांनी स्वतःच्या रानातलं लाकूड तोडायचं नाही असा हुकूम आला. आरडाओरड झाली आणि १८२३ साली ते पद रद्द करावं लागलं. पण कल्पना गेली नाही. मलबारचा कलेक्टर कनोली साहेब, त्यानं १८४०च्या दशकात तिथल्याच निलांबूरला सागाची लागवड सुरू केली. १८६४ साली वनखातं उभं राहिलं. राखीव जंगल, परवाना, हातोड्याची खूण हे सगळं त्याच वाटेनं आपल्याकडे आलं. आज महाराष्ट्राच्या वनखात्याचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्सला वनभवनात आहे. मुलं रोज त्या रस्त्यानं जातात. गडचिरोलीतल्या गावाला सरपणासाठी रानात जाताना जो धाक वाटतो त्याचा एक धागा दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाऊ जहाजांपर्यंत जातो. हा विषय जिल्ह्याशी संबंधित नाही असं कसं म्हणायचं?

याच्या उलट बाजूला आज्ञापत्र ठेवून बघा. राज्यकारभार कसा चालवावा हे सांगणारं, रामचंद्रपंत अमात्यांचं, साधारण १७१५ सालचं. त्यात आरमाराच्या लाकडाबद्दल लिहिलं आहे. राज्यातल्या अरण्यातला साग हुजुरांच्या परवानगीनं तोडावा, जास्तीचं लागेल ते परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचे, पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण रयतेनं ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. हा मजकूर आपण पर्यावरणदिनाच्या भाषणात वाचतो. मला त्यात वेगळं दिसतं. तो लिहिणाऱ्याला होडीत आंब्याचं आणि फणसाचं लाकूड लागतं हे ठाऊक होतं. तो सुतारांशी बोललेला माणूस होता.

आता नातीच्या प्रकल्पाकडे येतो. तिनं सुरुवात केली होती नाग नदीपासून. मला विचारलं, “आबाजी, नाग नदीचं पाणी कुठं जाते?” आम्ही नकाशा पसरला. अंबाझरीच्या बाजूनं नाग शहरात येते, शहराच्या पोटातून पूर्वेकडे जाते आणि कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला. खाली वैनगंगा आणि वर्धा एकत्र येतात, तिथून प्राणहिता. सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीत. आणि गोदावरी काकिनाड्याच्या बाजूला बंगालच्या उपसागरात. पोरीनं निळ्या पेन्सिलनं रेघ ओढली, घरापासून समुद्रापर्यंत, एकदाही पेन्सिल न उचलता.

त्या रेघेच्या टोकाशी कोरिंगा आहे. आज तिथं खाडी आणि खारफुटीचं जंगल आहे. पण अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला पूर्व किनाऱ्यावरचं ते जहाजबांधणीचं मोठं ठिकाण होतं. गोदावरीच्या काठच्या रानातला साग तराफे करून खाली यायचा आणि कोरिंगात त्याची जहाजं व्हायची. नोव्हेंबर १८३९ मध्ये वादळानं समुद्र आत घुसला आणि ते बंदर उद्ध्वस्त झालं. पुन्हा ते तसं उभं राहिलं नाही.

त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी आपल्या बाजूनं एक उलटी हाक गेली. ही गोष्ट विदर्भातल्या किती शाळांमध्ये सांगतात मला माहीत नाही, पण सातवी-आठवीच्या मुलाला ऐकवा, तो नकाशा सोडणार नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना. वऱ्हाडचा आणि हिंगणघाटचा कापूस हवा होता, पण तो बैलगाड्यांनी समुद्रावर पोहोचेपर्यंत पावसाळा यायचा. तेव्हा आर्थर कॉटन या इंजिनिअरच्या कल्पनेवरून ठरलं की गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्या बोटींसाठी मोकळ्या करायच्या. कापसाच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या बोटी वर्धेच्या पात्रातून थेट समुद्रापर्यंत! वाटेत तीन ठिकाणी खडकांचे मोठे अडथळे होते. पात्रातले खडक फोडायचे, बंधारे घालायचे, बाजूनं कालवा काढून त्यात दरवाजे बसवायचे, असं काम १८६०च्या दशकात सुरू झालं. सिरोंचा तेव्हा ‘अप्पर गोदावरी’ नावाच्या जिल्ह्याचं ठाणं होतं. मजूर तापानं आजारी पडत, पूर आले की केलेलं वाहून जाई. तेवढ्यात १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. कापूस गाडीत बसला आणि १८७१ साली नदीचं काम थांबवलं गेलं. तेलंगणात दुम्मागुडेमला त्या खटाटोपातला बंधारा अजून आहे.

मी सिरोंचाच्या घाटावर उभा राहिलो आहे. समोर तेलंगण, डाव्या-उजव्या हाताला पाणीच पाणी. पावसाळ्यात तिथली गोदावरी बघितली की या जागेला कुणी बंदर करू बघत होतं यात काही नवल वाटत नाही.

भोसल्यांचं थोडक्यात सांगतो. १७५१ साली नागपूरच्या रघूजी भोसल्यांना बंगालच्या नवाब अलिवर्दीखानाकडून ओडिशा मिळालं, सुवर्णरेखा नदीपर्यंत. १८०३ च्या देवगावच्या तहात ते इंग्रजांना द्यावं लागलं. म्हणजे पन्नासच्या वर वर्षं नागपूरच्या राज्याला समुद्रकिनारा होता. बालासोरसारखं जुनं बंदर त्यात होतं, मिठागरं होती, होड्या बांधणारी गावं होती. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात बसून बंगालच्या उपसागराचा वसूल मोजला गेला आहे. ‘नागपूरला समुद्र नाही’ हे वाक्य भूगोलाच्या तासाला बरोबर आहे. इतिहासाच्या तासाला ते म्हणताना सन सांगावा लागेल.

आणि भोसल्यांच्याही फार आधी वाकाटक. एक शाखा आपल्या रामटेकजवळच्या नंदिवर्धनची, दुसरी वत्सगुल्मची, म्हणजे आजच्या वाशीमची. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाशीमच्या शाखेत हरिषेण राजा झाला. अजिंठ्याच्या १६व्या लेण्यात त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याचा शिलालेख आहे. अजिंठ्याची बरीचशी लेणी या काळातली. दुसऱ्या लेण्यात भिंतीवर एक जहाज रंगवलेलं आहे. तीन डोलकाठ्या, उंच नाळ, नाळेवर डोळा काढलेला, मागं सुकाणूची वल्ही, आणि पोटात ओळीनं ठेवलेले रांजण. गोष्ट पूर्णाची आहे, शूर्पारकच्या, म्हणजे आजच्या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याची. चंदनाचं लाकूड भरून आणणारं जहाज वादळात सापडतं आणि पूर्ण ते वाचवतो.

मी ते चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा देवगडच्या त्या माणसाची आठवण झाली आणि मी नाळेच्या वळणाकडे बघत राहिलो. ज्यानं हे काढलं त्यानं जहाज बघितलेलं असणार, असं मला वाटतं. समुद्रापासून इतक्या आत, डोंगराच्या पोटात, वाशीमच्या राजाच्या काळात, एका चित्रकाराला नाळेवरचा डोळा कुठं काढायचा हे माहीत होतं. विदर्भाला समुद्र माहीत होता, याची माझ्या मते ही सगळ्यात मोठी साक्ष आहे.

आणि हे चित्र आता परत पाण्यावर आलं आहे. अजिंठ्याच्या याच जहाजावरून भारतीय नौदलासाठी एक शिवलेलं जहाज बांधलं गेलं. फळ्यांना खिळे नाहीत, काथ्याच्या दोरीनं एकमेकींना शिवलेल्या, फटीत नारळाचा काथ्या आणि राळ. केरळच्या कारागिरांनी गोव्यात ते बांधलं. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं, नाव ‘कौण्डिन्य’. त्याच वर्षाच्या अखेरीस ते पोरबंदरहून मस्कतला निघालं. नातीच्या वहीत शेवटच्या पानावर त्याचंच चित्र होतं.

आपल्याकडची होडी मात्र कुणाच्या वहीत नाही. वैनगंगेच्या काठी मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या घरांत एकाच खोडातून कोरलेले डोंगे होते. पवनीच्या घाटावर मी एका म्हाताऱ्या ढिवर बाबांजवळ बसलो होतो. डोंगा कसा कोरायचा, विचारलं. त्यांनी काही सांगितलं नाही. उठले, उलट्या पडलेल्या जुन्या डोंग्याजवळ गेले आणि बोटाच्या पेरानं त्याला ठोकत टोकापर्यंत गेले, कान जवळ नेऊन. “आवाज बदलला का थांबाचं,” एवढंच म्हणाले. म्हणजे भिंत किती पातळ झाली ते आवाजावरून कळतं. त्याहून जास्त कोरलं तर खोड फुटतं, कमी कोरलं तर डोंगा जड होतो. देवगडच्या माणसानं माझ्या गिरणीत लठ्ठा ठोकला होता, अगदी तसंच.

आता नदीवर पत्र्याच्या आणि फायबरच्या नावा आल्या आहेत. त्या हलक्या पडतात, लवकर मिळतात, मासेमारी करणाऱ्याला परवडतात. त्याला मी नावं ठेवणार नाही. मोठी झाडं तोडायची नाहीत हेही बरोबर. कोकणातही लाकडाच्या होड्यांची जागा फायबर घेत आहे. पण आवाज ऐकणारे कान हे त्या माणसांबरोबर जातील. ते बाबा आज नाहीत. त्यांच्या बोटाचा तो आवाज मी टेप करून ठेवला नाही, याचं मला वाईट वाटतं. तेव्हा ते सुचलंच नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. अभ्यासक्रम बदला असं मी म्हणत नाही, ते तुमच्या हातात नाही हे मला समजतं. पण सातवीला मराठ्यांचा इतिहास तुम्हीच शिकवता. आरमाराचा धडा येईल त्या आठवड्यात मुलांना एकच प्रश्न विचारा. या जहाजाचं लाकूड कुठून आलं असेल? तिथून रान येईल, रानातून नदी येईल, नदीवरून आपलं गाव येईल. नाग नदीपासून समुद्रापर्यंत रेघ ओढायला लावा. वर्गात ढिवर, भोई, सुतार समाजातली मुलं असतील, त्यांच्या आज्या-आजोबांना एक दिवस शाळेत बोलवा. त्यांना खुर्ची द्या आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्यांचं बोलणं टिपून ठेवा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या शिक्षकांना हे काम आम्हा नागपूरकरांपेक्षा जास्त चांगलं जमेल, कारण घाट त्यांच्या दारात आहेत. कुणाच्या गोठ्याच्या मागं जुना डोंगा पडला असेल, पावसात कुजत असेल, तर तो शाळेच्या व्हरांड्यात आणून ठेवा. त्याच्या शेजारी अजिंठ्याच्या जहाजाचं चित्र लावा.

आणि पुढं एखाद्या मुलानं किंवा मुलीनं आपल्या जिल्ह्याचा इतिहास म्हणून जहाज निवडलं, तर लाल पेन उचलण्याआधी त्याला विचारा, तुला हे का वाटलं? उत्तर नसेल तर तो शेरा जरूर मारा.

नातीनं विषय बदलला नाही. बाईंना भेटायला ती स्वतः जाणार आहे, निळ्या रेघेचा नकाशा घेऊन. मी सोबत येऊ का विचारलं तर नको म्हणाली.

तुमच्यापैकी कुणाला वर्ग घेऊन यायचं असेल तर आमची गिरणी लकडगंजात आहे. रविवारी आरा बंद असतो, आवाज नसतो, मुलांना आणायला तोच वार बरा. सागाचा लठ्ठा ठोकून ऐकायला मिळेल, घेराची टेप हातात देऊ, ओल्या सागाचा एक तुकडा पाण्याच्या टाकीत टाकून बुडवून दाखवू. १९९४ नंतर आमच्याकडे बाभळीचं एकही वळणाचं लाकूड जळाऊत गेलेलं नाही. मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली आहेत, आज सकाळी मोजली तेव्हा अकरा होती. कामटी लावून कुठलं लाकूड होडीच्या कुठल्या बरगडीत बसेल ते मुलांनी ओळखायचं. देवगडची मंडळी वर्षा-दोन वर्षांनी ट्रक घेऊन येतात, त्यांच्या आधी या.

आपला,
लकडगंजातला एक आरागिरणीवाला
नागपूर